सातारकराच्या गळ्यातली दुर्बीण : ८×४२ मापाचे परीक्षण

साताऱ्यातील माणसाला डोंगरासाठी गाव सोडावे लागत नाही. अजिंक्यतारा गावाच्या उशालाच आहे, यवतेश्वरचा घाट पेठा संपताच सुरू होतो, आणि माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम तर सकाळी दुचाकीवर जाऊन कामाच्या वेळेआधी परत येता येईल इतका जवळ आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांचे निसर्गात जाणे पावसाळ्यातला एखादा रविवार, कासच्या रस्त्यावरची वाहनांची रांग, भाजलेले कणीस, चार फोटो आणि परतीचा प्रवास एवढ्यावरच आटोपते. वर पोहोचल्यावर करायचे काय, हे कोणी मोठ्याने विचारत नाही; पण दहा मिनिटांत पाय गाडीकडे वळतात ते याच प्रश्नामुळे. ज्या वस्तूचे परीक्षण येथे करत आहे, तिने माझ्यापुरता हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. ती वस्तू म्हणजे ८×४२ मापाची एक साधी दुर्बीण.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. एकाच मापाच्या आणि जवळपास एकाच किमतीच्या दुर्बिणींमध्ये आपल्यासारख्या हौशी माणसाला जाणवेल असा फरक थोडाच असतो; माप मात्र चुकले तर नामांकित कंपनीची दुर्बीणही कपाटात पडून राहते. माझी दुर्बीण सरळ नळ्यांची, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाची, आत पाणी न शिरणारी आणि दहा-बारा हजार रुपयांच्या गटातली आहे. तिन्ही ऋतूंत ती माझ्या गळ्यात राहिलेली आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते पहिल्या आठवड्याच्या उत्साहातले नाही.

दुर्बिणीवर छापलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. आठपट म्हणजे ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर बसल्यासारखा दिसणे. दुकानात गेल्यावर साहजिकच वाटते की आठाऐवजी बारा किंवा वीस घ्यावे; पण वस्तूबरोबर आपल्या हाताचे थरथरणेही तितक्याच पटीने वाढते, आणि डोंगर चढून आलेल्या माणसाचे हात थरथरणारच. शिवाय वर्धन वाढले की दिसणारा परिसर आकसतो. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीतून एक किलोमीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर दहापटीच्या दुर्बिणीतून ११० मीटरच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. मात्र आंब्याच्या दाट पानांत एखादा चिमुकला शिंजीर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत असतो, तेव्हा तो भिंगात सापडणे आणि न सापडणे यात हेच वीस मीटर आडवे येतात.

दुसऱ्या आकड्याचे महत्त्व पहाटे कळते. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास तेवढा, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे दुपारी छोटी दुर्बीणही चालून जाते. झुंजूमुंजू होताना आणि दिवेलागणीला बाहुली विस्फारते, आणि पाखरांची खरी लगबग नेमकी याच दोन वेळांना असते. खिशात मावणाऱ्या ८×२५ च्या दुर्बिणीचा झोत जेमतेम तीन मिलिमीटरचा असल्याने सकाळी सहाच्या सुमारास तिच्यातून झाडी नुसती काळी दिसते. ८×४२ मधून त्याच झाडीतला हिरवा आणि तपकिरी वेगळा काढता येतो. ४२ च्या पुढे जाऊन ५० मिलिमीटरचे भिंग घ्यावे, तर चढावर ते नाकापेक्षा मोती जड होते.

खरेदीचा अनुभव मात्र फारसा चांगला नव्हता. शहरातल्या एका दुकानात पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण मागितली, तर दुकानदाराने मोठ्या कौतुकाने समोर ठेवली ती वर्धन कमीजास्त करता येणारी, लालभडक भिंगांची आणि खोक्यावर भलामोठा आकडा मिरवणारी. अशा झूमच्या दुर्बिणींत दृश्य अरुंद आणि अंधुक दिसते, दोन्ही नळ्या वर्धन बदलताना एकसारख्या राहत नाहीत, आणि तो लाल लेप रंग बिघडवतो. जत्रेत मुलांसाठी घ्यायला हरकत नाही. शेवटी दुर्बीण बाहेरून मागवली आणि आल्याबरोबर एक सोपी तपासणी केली, जी कोणालाही करता येईल. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखावी, सूर्याकडे चुकूनही नव्हे, आणि डोळे लावायच्या बाजूने दिसणारी दोन प्रकाशाची वर्तुळे न्याहाळावीत. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असतील, तर आतील लोलकाची काच चांगली आहे असे समजावे. वर्तुळाच्या कडा छाटल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसल्या, तर लोलक हलक्या काचेचा आहे.

दुर्बीण घेऊनही नीट दिसत नाही अशी तक्रार करणारे लोक मला अनेक भेटले, आणि त्यांतील बहुतेकांच्या दुर्बिणीत काहीही दोष नव्हता. आपले दोन डोळे सारखे नसतात, आणि दुर्बीण प्रत्येकाने आपल्या डोळ्यांसाठी एकदा जुळवून घ्यावी लागते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आधी मधला सांधा उघडमीट करून दोन्ही नळ्यांमधले अंतर असे करावे की दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ होईल. मग उजव्या नळीचे पुढचे भिंग तळहाताने झाकून डाव्या डोळ्याने दूरची एखादी पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करावी. त्यानंतर डावे भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, तीच पाटी उजव्या डोळ्याजवळच्या कड्याने स्पष्ट करावी. एवढे झाले की पुढे फक्त मधले चाक फिरवायचे. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यांकडील रबरी वाट्या खाली दाबून ठेवाव्यात, आणि विकत घेतानाच डोळा व भिंग यांतील सोयीचे अंतर पंधरा मिलिमीटर किंवा अधिक दिलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. ते कमी असेल तर चष्मेवाल्याला दृश्याचा फक्त मधला भाग दिसतो. माझ्या दुर्बिणीत ते सतरा आहे, आणि चष्मा न काढता कडेपर्यंत सगळे दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या दुर्बिणीचा सर्वांत जास्त उपयोग मला घराच्या गच्चीवर झाला. आमच्या घरामागे पिंपळ आहे, आणि माघ-फाल्गुनापासून त्याच्यावर तांबट दिवसभर टुक् टुक् टुक् करत असतो. हा आवाज न ऐकलेला सातारकर विरळा, आणि तो आवाज करणारा पक्षी पाहिलेलाही विरळाच. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पानांसारखाच हिरवा, त्यातून मान इकडेतिकडे वळवत ओरडत असल्याने आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. नुसत्या डोळ्यांनी मी त्याला वर्षानुवर्षे शोधत होतो. दुर्बिणीतून तो सापडला तो अगदी शेंड्यावरच्या निष्पर्ण काटकीवर: कपाळावर आणि छातीवर कुंकवासारखा लाल, डोळ्याभोवती पिवळा, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. आणि मग लक्षात आले की एवढा आवाज चालू असताना त्याची चोच बंदच आहे. प्रत्येक टुक् बरोबर गळ्याची पिशवी टम्म फुगते आणि बसते, आणि त्या लयीत सगळे अंग किंचित हलते.

हे पाहत गच्चीवर उभा असताना शेजारच्या काकूंनी खालून हटकले, "काय ओ गुरुजी, कुणावर नजर ठिवलीया?" प्रश्न थट्टेचा असला, तरी वस्तीत दुर्बीण वापरणाऱ्याने तो मनावर घेतला पाहिजे. मी त्यांना वर बोलावले, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिली आणि काटकी दाखवली. पहिल्यांदा त्यांना नुसती पाने दिसली, मग आभाळ, मग पुन्हा पाने, आणि थोड्या वेळाने, "आगं बया, गळा कसा फुगतोय बघा!" त्यानंतर दुर्बीण परत मिळायला बराच वेळ लागला. गुडघेदुखीमुळे त्या अजिंक्यताऱ्यावर कित्येक वर्षांत गेलेल्या नाहीत. निसर्गात जास्त वेळ घालवण्याचे जे उपाय सुचवले जातात, त्यांतले बरेचसे चालता येणाऱ्या, गाडी असणाऱ्या आणि सुट्टी मिळणाऱ्या माणसासाठी असतात; गच्चीवरचा पिंपळ यांतले काहीच मागत नाही. वस्तीत एक पथ्य मात्र पाळावे: दुर्बीण झाडाच्या शेंड्याकडे किंवा आभाळाकडेच रोखावी, खिडक्यांच्या रेषेत आणू नये, आणि कोणी विचारले तर उत्तर देण्याऐवजी दुर्बीणच पुढे करावी.

अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणारे हजारो आहेत. बोगद्याकडून वर जाणाऱ्या रस्त्यावर तांबडे फुटायच्या आत लगबग सुरू होते, आणि त्यातले बहुसंख्य लोक वर पोहोचून, मंगळाईला हात जोडून, घड्याळ पाहत उतरतात. मीही तसाच होतो. दुर्बीण गळ्यात आल्यावर चालण्याचा वेग निम्म्यावर आला, आणि व्यायामाच्या दृष्टीने तो दोषच मानावा लागेल. वळणावरच्या तारेवर वेडा राघू बसलेला असतो. तो झेप घेऊन माशी पकडतो, पुन्हा त्याच जागी येऊन बसतो आणि ती तारेवर आपटतो. पकडलेली मधमाशी असेल, तर तिला घासून तिचा डंख काढून टाकतो आणि मगच गिळतो. हे सगळे काही सेकंदांत घडते, आणि नुसत्या डोळ्यांना एक हिरवा ठिपका उडून परत आल्याचे तेवढे कळते. हिवाळ्यात तटाखालच्या वाळल्या गवतावर खरूची हा छोटा शिकारी पक्षी वाऱ्यावर एकाच जागी पंख मारत तरंगतो. शेपटी पंख्यासारखी उघडलेली, पंख सतत हलते, आणि डोके मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखे स्थिर. तो खाली झेपावेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. मोरांचा आवाज उतारावरच्या झाडीतून येतोच. तटावर उभे राहून खाली पाहिले, तर झुडपांमधून चालणारा मोरही अधूनमधून दिसतो.

याच तटावरून दुर्बिणीचा आणखी एक उपयोग होतो, जो मी विकत घेताना गृहीत धरला नव्हता. सुमारे ३३०० फुटांच्या या माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तेव्हा नैर्ऋत्येला सज्जनगड, पूर्वेला जरंडा, आणि उत्तरेला नांदगिरीचा कल्याणगड व जोडीने उभे असलेले चंदन-वंदन ओळखता येतात. शाळेतल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली नावे पाठ असतात. त्यांना दुर्बिणीतून एकेक गड शोधायला लावले की खाली उतरायची घाई मुलांना नसते, मोठ्यांनाच असते. येथे एक सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. संध्याकाळी गडावर सूर्यास्त पाहण्याची प्रथा आहे, आणि मुलांच्या हाती दुर्बीण असेल तर ती मावळत्या बिंबाकडे वळण्याची शक्यता दाट असते. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहणेही डोळ्याला कायमची इजा करू शकते. त्या वेळी दुर्बीण मोठ्यांच्या गळ्यातच असावी.

माहुलीला संगमावर घाटाच्या पायऱ्या आहेत, सावली आहे, बसायला जागा आहे, म्हणून दुर्बीण वापरायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा शहराजवळ मला माहीत नाही. पाण्यावरचे पक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात आणि बराच वेळ एका जागी थांबतात. नवशिक्याला झाडीतल्या पाखरांपेक्षा ते सोपे जातात. पाणकावळा पंख पसरून वाळत घातल्यासारखा बसतो, बगळे कडेला ध्यान लावून उभे असतात, धोबी शेपूट हलवत ओल्या खडकांवरून पळत असतो. काळापांढरा कवड्या धीवर पाण्यावर हवेत थांबतो, चोच खाली करून नेम धरतो आणि दगडासारखा कोसळतो. मासा मिळाला की नाही हे पाहण्यासाठी दुर्बीण लागते, आणि अनेकदा मिळालेला नसतो.

कासविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दुर्बिणीचा सर्वांत अनपेक्षित उपयोग तेथे झाला. साताऱ्याहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, १२०० मीटरच्या आसपास उंचीवर असलेले हे जांभ्या खडकाचे पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे. फुलांच्या हंगामात तेथे शुल्क आणि आगाऊ नोंदणी लागते, आणि फुलांत शिरून लोळण घेणाऱ्यांना आवर घातला जातो, हे योग्यच आहे. तेरड्याचे गुलाबी आणि सोनकीचे पिवळे गालिचे लांबूनही दिसतात, पण पठाराची खरी नवलाई बोटभर उंचीच्या वनस्पतींत आहे. दुर्बीण येथे दोन प्रकारे कामाला येते. माझी दुर्बीण दोन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दाखवते, त्यामुळे पायवाट न सोडता आतल्या गवतावरचे फूल किंवा फुलपाखरू पाहता येते. दुसरा प्रकार फारसा कोणी करत नाही: दुर्बीण उलटी धरायची, डोळ्याकडचे भिंग वाटेच्या कडेच्या फुलापासून इंचभर अंतरावर न्यायचे आणि मोठ्या भिंगातून पाहायचे. पाहता पाहता तिचे बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक होते.

अशा रीतीने दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहावी. उभ्याने पाहिले तर ती ओल्या मातीवरची लालसर बुरशी वाटते. उलट्या दुर्बिणीतून तिच्या प्रत्येक पानावर लाल केसांचे रान दिसते, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, काचेसारखा थेंब, आणि एखाद्या पानावर अडकून अर्धवट विरघळलेले चिलट. शेजारीच सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले असतात. तीही कीटकभक्षीच, पण तिचे सापळे म्हणजे चिखलात दडलेल्या इवल्याशा पिशव्या असल्याने त्या दिसत नाहीत. दिसते ते फक्त निरागस फूल. अशा हातभर जागेत अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढ्यात मागून चार-पाच कुटुंबे फोटो काढून पुढे निघून गेलेली असतात. नोंदणी शक्यतो मधल्या वारची करावी, एवढेच सांगतो. रविवारी गुडघे टेकून बसायलाही जागा मिळत नाही.

पावसाळ्यातल्या वापराबद्दल जाहिरातीत दिलेले दावे अर्धे खरे आहेत. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरलेला असल्याने आतून धुके धरत नाही, हे खरे. बाहेरून मात्र धरते. यवतेश्वरच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असताना आणि स्वतःचा उष्ण श्वास वाटीवर येत असताना भिंग दर मिनिटाला पुसावे लागते, आणि पुसायला कोरडे कापड उरत नाही. आषाढातल्या धुवाधार पावसात दुर्बीण घरीच ठेवावी आणि भाद्रपदात बाहेर काढावी, असा माझा आता नेम आहे.

इतर दोषही सांगितले पाहिजेत. सोबत आलेला पट्टा अरुंद असून तासाभरात मानेला काचतो. मी तो काढून खांद्यांवरून पाठीवर जाणारा पट्टा लावला, तेव्हा वजन जाणवेनासे झाले. पुढच्या भिंगांची झाकणे सैल आहेत आणि झुडपांत हरवण्यासाठीच बनवली असावीत. उजव्या डोळ्याजवळचे कडे पिशवीत घासून आपोआप फिरते, आणि मग चित्र धूसर का दिसते हे कळायला वेळ लागतो. मी त्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन आपली जागा खुणेने निश्चित केली आहे. सर्वांत मोठा दोष विक्रीनंतरच्या सेवेचा. दुरुस्तीची सोय साताऱ्यात नाही, दुर्बीण कुरियरने बाहेर पाठवावी लागते, आणि एकदा डोळ्याची वाटी सैल झाली म्हणून पाठवली तेव्हा ती परत येईपर्यंत अर्धा हिवाळा संपला होता. दहा हजार रुपये घेणाऱ्याने एवढ्या सेवेत हात आखडता घेऊ नये.

मर्यादा म्हणून मायणीचे उदाहरण देतो. खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडी येथील जलाशयांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि रोहित (फ्लेमिंगो) आले की जिल्हाभरातून लोक पाहायला जातात. पाण्याची कड लांब असते, आणि पलीकडच्या उथळ पाण्यात उभा असलेला गुलाबी थवा आठपटीच्या दुर्बिणीतून थवा म्हणूनच दिसतो. चोचीचा बाक, पायांचा रंग, पिल्लांची करडी पिसे टिपायला तिवईवर बसवलेली वीस-तीसपटीची एकनळी दुर्बीण लागते. कोणी तशी घेऊन आलेला असेल, तर नमस्कार करून विचारावे. पक्षी पाहणारी माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. पाणी आटलेले पाहून पक्ष्यांच्या दिशेने चालत जाणे मात्र टाळावे, कारण थवा उडाला की त्याचे चरणे थांबते आणि आपल्या मागे आलेल्यांचीही फेरी फुकट जाते. घरट्यांच्या बाबतीतही तेच पथ्य. दुर्बीण असताना जवळ जायचे कारणच उरत नाही.

कॅमेऱ्याशी तुलना अनेक जण विचारतात. मोठ्या भिंगाचा कॅमेरा असलेले माझे काही स्नेही उत्तम छायाचित्रे काढतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु फोटो चांगला यावा म्हणून ते पक्ष्याच्या मागे मागे जातात, आणि तो मिळाला की पुढच्या पक्ष्याकडे वळतात. दुर्बिणीच्या हाती शेवटी काहीच लागत नसल्याने थांबायची वेळ ठरवायला कारण राहत नाही. शिवाय चांगल्या कॅमेऱ्याच्या किमतीत अख्ख्या गल्लीला दुर्बिणी येतील.

निसर्गात किती वेळ घालवला म्हणजे पुरे, याचे उत्तर शोधणाऱ्यांसाठी इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. आठवड्यात एकूण दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, आणि हे दोन तास एकदम घालवले की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. मुळात निरोगी माणसेच जास्त बाहेर पडतात अशी शंका घेता येते, आणि ती घ्यावी. तरी तुकड्यांची गोष्ट नोकरदार माणसाला धीर देणारी आहे: रोज सकाळी गच्चीवर वीस मिनिटे उभे राहिले, तर हे दोन तास महाबळेश्वरला न जाताच पुरे होतात. कोणाला शिस्त लावून घ्यायची असेल, तर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी जगभरातील परसबागेतल्या पक्ष्यांची गणना आहे. तिच्यात एका जागी किमान पंधरा मिनिटे पक्षी मोजून यादी पाठवायची असते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांवरून तो ठरवलेला आहे, आणि थंडीचे पाहुणे पक्षी त्या सुमारास येऊ लागलेले असल्याने नव्या माणसाने सुरुवात तेव्हा करावी.

निगा सोपी आहे. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची आपली सवय लेपावर चरे पाडते. साताऱ्याच्या दमट पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी धरते, म्हणून तो काळ ती घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

खरेदी कोणी करावी, याबद्दल माझे मत असे. रोज किंवा एक दिवसाआड थोडा वेळ मिळणाऱ्या कोणाही प्रौढ माणसासाठी ८×४२ हेच माप घ्यावे. मान किंवा मनगट दुखत असेल, किंवा घरातली शाळकरी मुलेही वापरणार असतील, तर ८×३२ घ्यावी. पहाटेचा उजेड थोडा कमी पडेल, पण ती दीडशे-दोनशे ग्रॅमने हलकी असते आणि मुलांच्या हातात बसते. वर्षातून एकदाच सहलीला जाणाऱ्याने हा खर्च करू नये, एखाद्याची मागून न्यावी. आणि विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी दूरचा विजेचा खांब दहा मिनिटे सलग पाहावा: तो दुहेरी दिसू लागला, किंवा डोळे ओढल्यासारखे होऊन डोके जड झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजावे, आणि सवय होईल या आशेवर न राहता परतीची मुदत संपायच्या आत दुर्बीण बदलून घ्यावी.